नवं बाळ येण्याआधी दत्तक उरकून घ्यायचं का?

दुसरं लग्न झालेल्या आया माझ्याकडे येतात त्या बहुतेक वेळा मुलाच्या वागण्याची तक्रार घेऊन. अभ्यासात लक्ष नाही, उलट उत्तरं देतो, ताटावरून उठून जातो. बोलता बोलता बराच वेळ जातो आणि मग खरा प्रश्न बाहेर पडतो: ‘ह्यांनी मुलाला कायद्याने दत्तक घ्यावं असं आमच्या मनात आहे. पण मग त्याच्या पहिल्या बाबांचं काय? तिकडच्या आजी-आजोबांशी त्याचं नातं तुटेल का? आणि हे करायचं तर कधी?’

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. नातेवाईक, ओळखीपाळखीचे, सोसायटीतले जाणकार ते एका वाक्यात देऊन टाकतात आणि घर आणखी गोंधळात पडतं. म्हणून एका कुटुंबाची हकिकत सविस्तर सांगते. नावं, व्यवसाय आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत; लिहायला त्यांची संमती आहे.

मृणाल पुण्यातल्या एका बँकेत काम करते. तिचा पहिला नवरा अनिकेत हृदयविकाराच्या झटक्याने गेला तेव्हा ईशान चार वर्षांचा होता. त्यानंतरही ती सासरीच राहिली, नारायण पेठेत. अण्णा आणि माई या सासू-सासऱ्यांनी तिला आणि नातवाला जिवापाड सांभाळलं. तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय अण्णांनीच काढला होता. हे आधीच सांगते, कारण पुढे तेच आडवे आले आणि त्यांच्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. प्रसादचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, घर वारज्याला. ईशान दहा वर्षांचा. दर शनिवारी संध्याकाळी तो नारायण पेठेत मुक्कामाला जायचा, रविवारी सकाळी अण्णांबरोबर तळजाईवर फिरायचा, येताना मिसळ खायचा आणि मग घरी. प्रसादला तो ‘प्रसादकाका’ म्हणत असे. दोघांचं बरं जमत होतं.

मग मृणालला दिवस गेले. ती माझ्याकडे आली तेव्हा सहावा महिना चालू होता आणि शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. ईशानने नव्या वह्यांच्या लेबलांवर फक्त ‘ईशान’ एवढंच लिहिलं होतं. आडनावाची जागा कोरी. बाईंनी वह्या परत पाठवल्या, पूर्ण नाव लिहून आणायला सांगितलं. त्याने लेबलं फाडून टाकली. नवी चिकटवली आणि त्यांवरही ‘ईशान’ एवढंच लिहिलं. रात्री तो एकटा झोपेनासा झाला होता आणि प्रसाद जेवायला बसला की याला भूक नसायची.

घरात त्याच दिवसांत दुसरं काय चाललं होतं ते मी विचारलं. तेव्हा कळलं की दत्तकाची धावपळ सुरू होती. ओळखीच्या एका गृहस्थांनी प्रसादला सांगितलं होतं, ‘मुलगा झाला तर मग ईशानला दत्तक घेताच येणार नाही. बाळंतपणाच्या आत दत्तकपत्र करून मोकळे व्हा.’ दुसऱ्या कुणी सांगितलं, ‘लग्नाला दोन वर्षं झाल्याशिवाय दत्तक मिळतच नाही.’ म्हणजे एकाच्या म्हणण्याप्रमाणे उशीर होत होता आणि दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे अजून वेळच झालेली नव्हती. रोज रात्री हॉलमध्ये याच्यावर चर्चा. ईशान आत झोपलाय असं दोघांनी गृहीत धरलेलं.

मी दोघांना वेगवेगळं विचारलं, दत्तक नक्की कशासाठी हवंय?

प्रसाद म्हणाला, ‘बाळंतपणात हिला काही झालं तर ईशान माझा कोण? कागदावर मी त्याचा कुणीच नाही. त्याला दवाखान्यात नेलं, शाळेत सही करायची वेळ आली, तर मी कोण म्हणून सही करू?’ त्याची भीती खरी होती. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ यात नैसर्गिक पालक म्हणून जे आई-वडील सांगितले आहेत, त्यांत सावत्र आई किंवा सावत्र वडील येत नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. वारसाहक्कातही तेच. सावत्र वडिलांनी मृत्युपत्र केलं नाही, तर सावत्र मूल त्यांचा मुलगा किंवा मुलगी म्हणून वारस होत नाही. येणारं बाळ प्रसादचं वारस होणार होतं, ईशान नाही.

मृणालचं उत्तर वेगळं होतं. ‘दोन भावंडं एका आडनावाची असावीत. शाळेत, सोसायटीत कुणी याला विचारू नये, की तुझं आडनाव वेगळं कसं.’

दीड वर्षं एका घरात राहून या दोघांनी एकमेकांची कारणं ऐकली नव्हती. प्रसादला आडनावाशी देणंघेणं नव्हतं. मृणालच्या मनात पालकत्वाचा विचार आलेला नव्हता. दत्तक हे एक नाव घेऊन दोघं वेगवेगळ्या गोष्टी मागत होते.

आणि ईशान? तो पहिल्या भेटीत फार बोलला नाही. दुसऱ्या भेटीत लेबलांचा विषय निघाला. मी त्याला लिहायला सांगितलं नाही, कोणतं आडनाव हवंय असंही विचारलं नाही. एवढंच विचारलं की घरात हल्ली कशाची गडबड चाललीय. तो म्हणाला, ‘बाळ यायच्या आधी मला दत्तक घ्यायचंय. बाळ आल्यावर प्रसादकाकांना मी नको होणार ना, म्हणून आई आत्ताच लिहून घेतेय.’

मोठी माणसं कायद्याच्या मुदतीबद्दल बोलत होती. दहा वर्षांच्या मुलाने भिंतीपलीकडून ऐकलं ते असं, की आपल्यावरच्या मायेला मुदत आहे. त्याच्या जागी दुसरं कुणीही मूल असतं तरी त्याने हाच अर्थ लावला असता.

म्हणून या घरात मुलाशी बोलण्याआधी ती मुदत खरी की खोटी हे पाहणं भाग होतं. मी वकील नाही. अशा वेळी मी दत्तकाची कामं करणाऱ्या वकीलबाईंना बरोबर घेऊन बसते, आणि पालकांनाही तेच सुचवते. त्या दिवशी जे समजलं ते इथे देते, कारण बरेच जण अर्धवट माहितीवर मोठे निर्णय घेऊन बसतात.

हिंदू कुटुंबांपुढे दोन वाटा असतात. पहिली जुनी, हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६. यात कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात हुकूम मागावा लागत नाही. जन्मदात्याने मूल प्रत्यक्ष द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं, आणि मग बहुतेक जण दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी करतात. पण याला अटी आहेत. साधारणपणे मूल पंधरा वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं. मुलगी दत्तक घेणारा पुरुष तिच्यापेक्षा किमान एकवीस वर्षांनी मोठा हवा. आणि मुलगा दत्तक घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला त्या वेळी हयात असलेला मुलगा, नातू किंवा पणतू नसावा. त्या गृहस्थांनी सांगितलं ते इथून आलं होतं. या वाटेने जायचं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: आधी मुलगा झाला असता तर प्रसादला या कायद्याखाली ईशानला दत्तक घेता आलं नसतं.

पण दुसरी वाट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. बाल न्याय कायदा, २०१५ आणि त्याखालचे २०२२ चे दत्तक नियम यांत सावत्र पालकाने मूल दत्तक घेण्याची वेगळी तरतूद आहे. घरात आधी मुलगा असण्याची आडकाठी तिथे नाही. लग्नाला दोन वर्षं पूर्ण हवीत ही अट सर्वसाधारण दत्तकासाठी आहे. नात्यातलं दत्तक आणि सावत्र पालकाचं दत्तक यांना ती लागू नाही. वयाच्या मर्यादांचंही तसंच. शिवाय ही वाट धर्म पाहत नाही, त्यामुळे मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांनाही ती मोकळी आहे.

प्रक्रिया अशी. आई आणि सावत्र वडील, किंवा वडील आणि सावत्र आई, अशा दोघांनी मिळून ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करायची. ओळखीचे आणि रहिवासाचे पुरावे, मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पहिल्या जोडीदाराचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाचा हुकूम आणि ठरलेल्या नमुन्यातली संमतिपत्रं द्यायची. आपल्या जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष ते कागद पाहतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. पूर्वी हा हुकूम कोर्ट देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. सुनावणी बंद दालनात होते आणि प्रकरण दोन महिन्यांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात एखादा कागद कमी पडला की फेऱ्या वाढतात, म्हणून पहिल्यांदा जातानाच कक्षातल्या कर्मचाऱ्यांकडून यादी पक्की करून घ्यावी. मुलाची इच्छा त्याचं वय आणि समज पाहून विचारात घ्यायची, हेही कायद्यातच आहे. ही औपचारिकता नाही. मुलाला घरी उत्तर पाठ करून घेऊन येणारे पालक मी पाहिले आहेत. मुलाच्या चेहऱ्यावर ते दिसतं आणि त्यातून कुणाचंच भलं होत नाही.

मृणालने मध्येच विचारलं, ‘अण्णांची संमती लागेल का?’ नाही. अनिकेत हयात नाही, त्यामुळे संमती जन्मदात्री म्हणून मृणालची. आजोबांची सही कुठेच लागत नाही. तिने सुटकेचा श्वास टाकला. मला तो ऐकून काळजी वाटली, कारण सही लागत नाही म्हणून अण्णांना बोलावंच लागणार नाही, असा त्याचा अर्थ ती घेत होती.

घटस्फोट झालेल्यांसाठी इथेच सांगते, कारण त्यांची गोष्ट निराळी आहे. दुसरा जन्मदाता हयात असेल तर त्याची संमती हा कळीचा मुद्दा असतो. तो पोटगी देत नाही, वर्षानुवर्षं भेटायला येत नाही, एवढ्यावरून ती आपोआप मिळाली असं धरून चालता येत नाही. ताब्याचा दावा कोर्टात चालू असेल तर तो संपेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच होत नाही. आणि पहिल्या नवऱ्याला धडा शिकवायचा म्हणून दत्तक काढणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते. त्यात भरडलं जातं ते मूल.

मुदतीचा बाऊ गेल्यावर मृणाल-प्रसादशी मी जे बोलले, ते या विषयावर येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगते. कायदेशीर दत्तक, आडनाव आणि मुलाने हाक काय मारायची, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचं एक गाठोडं बांधून मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. दत्तक झालं म्हणून आडनाव त्याच दिवशी बदललंच पाहिजे असं नाही. आडनाव बदललं म्हणून ‘बाबा’ म्हटलंच पाहिजे असं तर मुळीच नाही. दत्तकाचा निर्णय मोठ्यांनी घ्यायचा, मुलाला समजावून, त्याचं ऐकून. आडनावाचा अधिकार आईला असला तरी शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारल्याशिवाय तो वापरू नये. आणि हाक ही पूर्णपणे मुलाची. तिथे आईनेसुद्धा ‘बाबा म्हण ना रे’ असं लाडाने सुचवू नये. लाडाने सुचवलेलं मुलाला नाकारता येत नाही.

आडनावावरून सर्वोच्च न्यायालयाचा २८ जुलै २०२२ चा एक निकाल आहे. आंध्र प्रदेशातलं प्रकरण. नवरा गेल्यावर पुनर्विवाह केलेल्या आईविरुद्ध मुलाचे आजी-आजोबा कोर्टात गेले होते. मुलाचं मूळ आडनाव परत लावावं आणि कागदोपत्री आईच्या नव्या नवऱ्याचा उल्लेख सावत्र वडील असा करावा, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वडिलांच्या मागे आई हीच मुलाची नैसर्गिक पालक, आडनाव ठरवण्याचा अधिकार तिचा, असं सांगितलं. ‘सावत्र वडील’ असं लिहायला लावणं हे जवळजवळ क्रूरपणाचं आहे, मुलाच्या मनावर आणि आत्मसन्मानावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचारच त्यात नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. खटला चालू असताना नव्या वडिलांनी त्या मुलाला नोंदणीकृत दत्तकपत्राने दत्तकही घेतलं होतं.

मृणालला हे वाचून हुरूप आला. ‘म्हणजे मी बदलू शकते!’ हो, बदलू शकतेस. पण ईशानने दोनदा लेबलं कोरी ठेवली होती. त्याला जुनं आडनाव लिहिलं की आई दुखावेल असं वाटत होतं आणि नवं लिहिलं की अण्णा. त्याने कुणालाच दुखवायचं नाही म्हणून जागा कोरी ठेवली. हे त्याने मला सांगितलं, आणि त्याच्या परवानगीने मी आईला सांगितलं. ती बराच वेळ रडली.

पुढच्या भेटीत प्रसादने ईशानशी माझ्यासमोर बोलावं असं ठरलं. तो बोलका माणूस नाही. हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘ईशान, मला वाटलं होतं बाळ यायच्या आधीच करावं लागतं. तसं नाहीये. आता मला ते आधी करायचंच नाही. बाळ आल्यावर करू. मुद्दाम बाळ आल्यावर. चालेल तुला?’

ईशानने विचारलं, ‘बाळ मुलगा झाला तरी?’

‘मुलगा झाला तरी.’

मी यात एक शब्दही घातला नव्हता. उशिराने करण्यातली ग्वाही त्या माणसाला आपणहून सुचली.

तोवर बाळंतपणाची काळजी होतीच. ती नुसत्या धीराच्या शब्दांनी भागणारी नव्हती. वकीलबाईंच्या सल्ल्याने मृणालने मृत्युपत्र केलं आणि आपल्यामागे ईशानचा पालक प्रसाद असावा असं त्यात लिहिलं. पालकत्वाचा वाद कोर्टात गेलाच तर मुलाचं हित सर्वांत वर धरलं जातं, त्यामुळे आईने विचार करून लिहून ठेवलेली इच्छा उपयोगी पडते.

राहिले अण्णा. ते माझ्याकडे यायला तयार नव्हते, म्हणून मृणालला विचारून मीच नारायण पेठेत गेले. त्यांनी टेबलावर एक फाइल आणून ठेवली. ईशानच्या लसीकरणाच्या कार्डापासून चौथीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं तारीखवार लावलेलं. ‘हे कुणाच्या नावाचं म्हणून जपायचं आता?’ असं त्यांनी विचारलं. मग दोन प्रश्न आले. अनिकेतच्या तिथीला पाणी कोण सोडणार? आणि ‘हे घर माझ्यामागे ईशानचं. तो दत्तक गेला तर?’

पहिल्या प्रश्नाला कायद्यात काही उत्तर नाही, आणि मनाईही नाही. तिथीला ईशान येईल, दर वर्षी येईल, असा शब्द मृणालने त्यांना आधी द्यायला हवा होता. तिला तो द्यायचाच होता. त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही, एवढंच.

दुसऱ्या प्रश्नात मात्र अण्णांचं म्हणणं वाजवी होतं आणि ते मी गोड बोलून झाकलं नाही. दत्तक झालं की कायद्याच्या दृष्टीने मूल नव्या घरचं होतं. दत्तकाच्या आधी मुलाच्या मालकीचं झालेलं जे असेल ते त्याचंच राहतं, हे दोन्ही कायद्यांत आहे. अनिकेतचा स्वतःचा वडगावचा फ्लॅट होता, मृत्युपत्र नव्हतं. तो गेला त्याच क्षणी त्याची बायको, मुलगा आणि आई, म्हणजे मृणाल, ईशान आणि माई, असे तिघं सारख्या हिश्श्याचे वारस झाले. ईशानचा तो तिसरा हिस्सा दत्तकाने जात नाही, आणि तो सज्ञान होईपर्यंत कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणाला विकताही येत नाही. पण अण्णांचं स्वतःच्या कमाईचं घर अजून अण्णांचंच आहे. आज ते मृत्युपत्राविना गेले तर आधी वारलेल्या मुलाचा मुलगा म्हणून ईशान वारस होतो. दत्तक गेल्यावर तो आधार उरत नाही. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन किंवा वाडा आहे, त्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा असतो. त्यांनी दत्तकाच्या आधी वकिलांना सगळे कागद दाखवावेत.

उपाय साधा होता. अण्णांनी मृत्युपत्र करायचं. त्याला नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत. वकीलबाईंनी सुचवलं की ईशानचं नाव, जन्मतारीख आणि ‘माझा दिवंगत मुलगा अनिकेत याचा मुलगा’ असं सगळं त्यात लिहा, म्हणजे पुढे आडनाव बदललं तरी ओळखीचा घोळ होणार नाही. ते वाक्य अण्णांनी स्वतःच्या हाताने कच्च्या कागदावर लिहून काढलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, ‘हे असं लिहिता येतं हे मला कुणी सांगितलंच नाही.’ दत्तकाला असलेला त्यांचा विरोध त्या दिवशी मावळला असं म्हणणार नाही. पण त्यानंतर त्यांनी ईशानसमोर तो बोलून दाखवला नाही, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

मृणालला मुलगा झाला. दोघंही सुखरूप. बाळ काही महिन्यांचं झाल्यावर मृणाल आणि प्रसादने पोर्टलवर नोंदणी केली. मृणालने ईशानला आधी सांगून ठेवलं होतं की तिथे तुला विचारतील, तुला जे वाटतं ते सांग, नाही वाटलं तर नाही सांग, आम्ही रागावणार नाही. त्याने हो सांगितलं आणि आडनाव बदलायचं नाही असंही सांगितलं. हुकूम झाला. ईशान आता प्रसादचा कायद्याने मुलगा आहे, धाकट्याच्या बरोबरीचा वारस आहे, आणि शाळेच्या पटावर त्याचं जुनंच आडनाव आहे. दहावीचा फॉर्म भरण्याआधी पुन्हा एकदा विचारायचं असं घरात ठरलंय, कारण बोर्डाच्या कागदांवर एकदा नाव गेलं की दुरुस्ती किचकट होते. प्रसादला तो अजून ‘प्रसादकाका’च म्हणतो. मित्रांशी बोलताना कधी ‘माझे बाबा’ म्हणतो, आणि ते कुणाबद्दल हे संदर्भाने कळतं. प्रसादला त्याचं काही वाटत नाही. मृणालला थोडं वाटतं, तिने तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

एक व्यवहाराची गोष्ट, जी अनेकांच्या लक्षात येत नाही. दत्तकाच्या हुकुमानंतर नवा जन्मदाखला निघतो आणि त्यात वडील म्हणून दत्तक घेणाऱ्याचं नाव येतं. त्यामुळे जुन्या जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत, पहिल्या वडिलांचा मृत्यूदाखला आणि दत्तकाचा हुकूम हे तिन्ही एकत्र सांभाळून ठेवा. उद्या वडगावच्या फ्लॅटमधला हिस्सा सिद्ध करायचा झाला तर ईशानला हीच साखळी दाखवावी लागेल. मृणालने हा संच दोन प्रतींत केला. एक अण्णांच्या फाइलमध्ये दिला.

माई मात्र बाळाच्या बारशाला आल्या नाहीत. ईशान शनिवारी गेला की त्याचं सगळं करतात, पण दत्तकाबद्दल चकार शब्द काढत नाहीत आणि मृणालच्या फोनला दोन वाक्यांत उत्तर देतात. मृणाल मला विचारत होती की त्यांना कसं पटवू. मी म्हटलं, पटवू नकोस. अण्णांचे प्रश्न विचारता येण्यासारखे होते, म्हणून त्यांना उत्तरं सापडली. माईंचा मुलगा गेलाय, आणि या सगळ्या कागदांनी त्यांच्यासाठी तो पुन्हा एकदा गेला. त्यांना वेळ दे, ईशानला पाठवत राहा, आणि तिथीच्या दिवशी त्याच्याबरोबर तूही जा.

मृणाल गेली होती, बाळाला घेऊन. मागच्या आठवड्यात माईंनी मला स्वतः फोन केला. एकटीला भेटायचंय म्हणाल्या, अण्णांना न सांगता. मंगळवारची वेळ दिली आहे.